चित्रावरची ओळ

"अश्लेषाजी, मेरा पॅच देख लिया? नकली कॅमेरा है यार, तस्वीर पर चार अक्षर ही तो छापने हैं. 'जांच लिया' लिखके नाम डाल दो. अगले हफ्ते आपका अप्रेजल भी है." नोएडाच्या ऑफिसात मनीष त्यागी तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

लिनक्समधल्या आभासी कॅमेऱ्याच्या चित्रावर मजकूर उमटवणारा असाच पॅच, म्हणजे प्रोग्राममध्ये घालायचा छोटा बदल, तिने दोन महिन्यांपूर्वी त्यांना दाखवला होता. "किसी काम का नहीं," असं म्हणून त्यांनी तो ठेवून घेतला होता.

अश्लेषाने घाई केली नाही. तिने त्यागींचा पॅच चालवून पाहिला. आभासी कॅमेऱ्याच्या चित्रातल्या रंगीत पट्ट्यांच्या कोपऱ्यात, चाचणीसाठी आत ठेवलेली ओळ रोमन अक्षरांत उमटली: 'आई, जेवलीस का?'

त्यागी जन्मापासून गाझियाबादचे. मराठीचा त्यांना गंध नव्हता.

"हो गया?"

"लिख रही हूं, सर."

जगभरचे प्रोग्रामर वाचतात त्या खुल्या ईमेल-यादीवर तिचं इंग्रजी उत्तर गेलं:

"पॅच चोख आहे. त्यातल्या मराठी ओळीचा अर्थ त्यागीसरांनी इथे सर्वांना सांगावा, मी लगेच नाव घालते."