पेशंट नंबर सतराचा खोकला

न्यूमोनियाला दहा दिवसांऐवजी पाच दिवसांचं औषध पुरतं का, एवढंच आम्ही तपासत होतो. पेशंट नंबर सतरा, म्हणजे एक निवृत्त हेडमास्तर, पाच दिवसांत खडखडीत बरे झाले. ताप नाही, एक्स-रे स्वच्छ, माझ्यासमोर तासभर बसले तरी साधा ठसका नाही. पण घरी त्यांच्या गळ्यात अडकवलेल्या, खोकला मोजणाऱ्या यंत्राने एका दिवसाचा आकडा दिला: सत्त्याण्णव!

आमचे सर कडाडले, "पुन्हा ॲडमिट करा त्यांना. आणि तुमचं ते पाच दिवसांचं खूळ आता गुंडाळा."

माझी दोन वर्षांची मेहनत पाण्यात जायची वेळ आली. घाईघाईने मास्तरांच्या घरी फोन लावला.

"आजी, आजोबा फार खोकतात का हो?"

"छे गं बाई! लग्न झाल्यापासून खोकतात, तेवढंच."

घ्या! आता हे सरांना कोणत्या तोंडाने सांगू? शेवटी यंत्रातलं रेकॉर्डिंगच कानाला लावून बसले.

मास्तर एकदा खोकले. लगेच आजींचा आवाज आला, "आणते हो चहा."

दोनदा खोकले. "चष्मा कपाळावरच आहे."

तीनदा खोकले. "पंखा बारीक करते, थांबा."

मग मात्र अशी काही उबळ आली, की ऐकूनच मी ॲडमिशनचा फॉर्म पुढे ओढला. आणि पाठोपाठ आजी कडाडल्या,



"कितीही खोका, तिसरा चहा मिळणार नाही!"