घशाला विश्रांती

“...आणि मग ते मांजर माझ्या डब्याच्या पिशवीवर डोकं ठेवून गाढ झोपलं. आता त्याला उठवायचं कसं, तूच सांग.”

गणवेशाची बटणं काढता काढता तो बोलत होता. बायको ओट्याशी उभी राहून चहा गाळत होती. मांजराला उठवलं की नाही हे सांगायच्या आधीच तो पहाटे आलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरवर घसरला. तो गडी फाटकाबाहेर गाडी लावून असा घोरत होता, की आधी याला वाटलं इंजिनच चालू राहिलंय.

“अहो, जरा हळू. डॉक्टरांनी काय सांगितलंय?”

“घसा बरा झालाय. कालच म्हणाले ते,” तो बोलून गेला. तो विषय निघू नये म्हणून तर आल्यापासून त्याची ही बडबड चालली होती, आणि शेवटी त्यानेच तो काढला होता.

त्याची उमेदीची सगळी वर्षं पडद्यांच्या दुकानात गेली. सकाळी शटर वर गेलं की याच्या तोंडाचा पट्टा सुरू. रंग जाणार नाही ताई. उन्हात टिकेल काका. तुमच्या भिंतीला हाच शोभेल बघा. गिऱ्हाइकाच्या मुलाची परीक्षा, सुनेचं बाळंतपण, गुडघ्याचं दुखणं, सगळ्याची तो चौकशी करायचा, आणि ती मनापासून असायची. रात्री मात्र घरी यायचा तो पार रिकामा होऊन. बायकोने काहीही सांगितलं तरी उत्तर एकच, “हं.” एकदा ती स्वतः पडदे घ्यायला दुकानात आली. त्याने एकेक पडदा उलगडत तिला इतकं हसवलं, की बाकीचे विक्रेते हातातलं काम सोडून बघत राहिले. “तुम्ही एवढं बोलता?” तिने विचारलं होतं. त्या रात्री जेवताना पुन्हा “हं.” हा किस्सा तो गंमत म्हणून सगळ्यांना सांगायचा.

पन्नाशीच्या तोंडावर त्याचा आवाजच बसला. काही महिने घशाला विश्रांती द्या, बोलायचं ते थोडं आणि हळू, नाहीतर आवाज कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं. आता मुक्या विक्रेत्याला कोण ठेवणार? पण मालक भला माणूस. डॉक्टरकडे तेच घेऊन गेले होते. औषधांच्या एका गोदामात रात्रपाळीच्या पहाऱ्याचं काम त्यांनीच ओळखीने लावून दिलं. “घसा सुधारला की परत ये. जागा तुझीच आहे,” असंही म्हणाले.

पहिले काही दिवस त्याला चुकल्याचुकल्यासारखं झालं. रात्रभर चकार शब्द बोलायचा नाही. फाटक, वरचा दिवा आणि समोरचा रिकामा रस्ता. मग एका रात्री त्याच्या लक्षात आलं, की आपण मजेत आहोत. कुणाला काही विकायचं नाही, कुणाची मर्जी राखायची नाही. जे दिसेल ते मनात साठवायचं आणि उजाडलं की घरी जाऊन बायकोला हळू आवाजात सांगायचं. बसलेल्या आवाजाचेसुद्धा तो मनोमन आभार मानू लागला होता.

पण हे बायकोला कोणत्या तोंडाने सांगणार? तिला रात्री एकटीला भीती वाटायची. स्वयंपाकघरातला दिवा चालू ठेवून, दाराला आतून टेबल लावून ती झोपायची. “भाऊजी पहारेकरी झाले का?” म्हणून तिच्या भावाने नाक मुरडलं, तेही तिने निमूट ऐकून घेतलं. कुरकुर कधी केली नाही. फक्त एकदा विचारलं होतं, “घसा बरा होईपर्यंतच ना?” तो “हो” म्हणाला होता. आणि आता घसा बरा झाला होता. मालक दुकानाच्या वरच्या मजल्याची सगळी जबाबदारी द्यायला तयार होते, तेही दिवसाच्या कामावर. आज सकाळी त्यांचा फोन यायचा होता. मालकांना नाही म्हणणं त्याच्या जिवावर येत होतं आणि तिला आणखी रात्री एकटीला काढायला लावणं त्याहून जिवावर येत होतं. हो म्हणायचं, हे त्याने घरी येता येता ठरवून टाकलं होतं.

फोन वाजला. त्याने तो टेबलावर ठेवून स्पीकर लावला.

“काय रे, कसा आहे घसा? कधीपासून येतोस?”

“येतो ना मालक. म्हणजे...” तो अडखळला.

बायकोने चहाचा कप त्याच्यासमोर ठेवला आणि ती फोनकडे वाकली. “मालक, मी बोलतेय. हे नाही येणार.”

“का हो वहिनी? आमचं काही चुकलं का?”

“तुमचं कसलं चुकतंय. तुम्ही जे केलंत ते सख्ख्या भावाने केलं नसतं. आम्ही विसरणार नाही.”

“मग झालं काय? तुम्हाला रात्री एकटीला भीती वाटते, असं हाच सांगत होता.”

“वाटते ना. अजूनही वाटते.” आपला कप घेऊन ती त्याच्यासमोर बसली. “पण मालक, इतकी वर्षं यांचं बोलणं तुमच्या गिऱ्हाइकांनी ऐकलं. आता मला ऐकायचंय.”