झोपलेला पहारेकरी

"प्रत्येक पेशीत एक पहारेकरी जनुक असतं," जिभेच्या कर्करोगाचा रिपोर्ट पुढ्यात ठेवून डॉक्टरबाई समजावू लागल्या. "पेशी माजली की ते तिला आवरतं. तुमचा पहारेकरी झोपलाय, काका."

सूर्यभान खरात भडकले. साखर कारखान्याच्या गेटवर तीस वर्षं रात्रपाळी करताना त्यांनी डोळ्याला डोळा लागू दिला नव्हता. "असल्या ऐतखाऊला आमच्यात दुसऱ्याच दिवशी घरी बसवत्यात."

"तुम्ही कसे जागे राहायचात?"

खरातांनी ऐटीत खिशातली चुना-तंबाखूची डबी टेबलावर ठेवली. "दर तासाला एक बार."

"यानंच झोपवलं त्याला," बाई म्हणाल्या.

खरात हसले. एवढ्या शिकलेल्या बाईंना पहाऱ्यातलं काहीच कळत नव्हतं. "यानं झोप उडती, बाई. त्याला कमी पडली असंल."