शापानाचा प्रवास

स्पीकरमधून कुठल्याशा लग्नातले दोम्ब्राच्या तारांचे सूर आणि कुणाच्या तरी मामाचं लांबलचक भाषण ऐकू येत होतं.

"ताई, हा शेजारच्या देशाचा राजदूत वाटत नाही," गुप्तहेर खात्याचा कर्नल झारास म्हणाला.

"नाहीच." राजशिष्टाचार विभागाच्या प्रमुख कुल्याश चहात दूध ओतत होत्या. राजदूताच्या खांद्यांवर मानाचा शापान, तो मखमली झगा, त्यांनीच चढवला होता. कॉलरमध्ये झारासच्या माणसांनी मायक्रोफोन शिवलाय हे त्यांना आज सकाळी कळलं.

"झारास, तुझ्या घरी शापान किती?"

"कपाट भरलंय."

"एखादा कधी घातलास?"

"कोण घालतं? पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या खांद्यावर..." कर्नल थांबला.

"राजदूतसुद्धा इथे बरीच वर्षं राहिलाय. आपल्या चालीरीती शिकला तो."

"माझी माणसं गुपचूप काढून आणतील."

"लग्नात, पाहुण्याच्या अंगावरून? उद्या नदीच्या करारावर सह्या आहेत. आपल्या शब्दावर विश्वास आहे म्हणून शेजारचे धरणाची दारं उघडतात. हे उघडकीस आलं, तर आपल्या शेतात पाण्याऐवजी काय सोडायचं, तुझी माणसं? आणि एवढं करून ऐकलंस काय? कुणाच्या तरी मावशीची गुडघेदुखी."

स्पीकरमध्ये टाळ्या वाजल्या. "आणि हा शापान आमच्या आदरणीय पाहुण्यांना, आपल्या परराष्ट्रमंत्र्यांना!" मामा म्हणाले. कापड जोरात खसफसलं.

कर्नलने स्पीकरचा आवाज वाढवला. मग गाडीचं दार, विमानतळाचा गोंगाट, आणि मंत्र्यांचा आवाज: "मादियार, उद्या सह्यांच्या वेळी तिकडच्या राष्ट्राध्यक्षांना द्यायला भेट घ्यायची राहिली की रे. असं कर, हाच देऊ. कोरा आहे."

कुल्याशनी घाईघाईने मंत्र्यांना फोन लावला. स्पीकरमध्ये तो वाजला. मंत्र्यांच्या सचिवाने उचलला.

"मादियार, तो शापान देऊ नका. दुसरं काहीतरी न्या."

"आता कुठून आणू, ताई? विमानाचं दार लागतंय. पाहुण्याने रिकाम्या हाताने जायचं का?" त्याचे शब्द आधी कानात आले, मग क्षणभराने स्पीकरमधून. "आणि काय झालंय याला?"

त्या सांगणार, तेवढ्यात कर्नलने घाबरून हातवारे केले आणि समोरच्या वर्तमानपत्रावर लिहिलं: मंत्र्यांचा फोन तिकडचे ऐकतात.

कुल्याशनी ते वाचलं.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "घडी नीट घाल. कॉलर चुरगळू देऊ नकोस."