टेस्टिंगपुरतं

"काकू, चष्म्यात बसेल असं ग्राफिक्स कार्ड अख्ख्या तपकीर गल्लीत मिळणार नाही. हे एक आहे, तेही बुक झालंय," दुकानदार म्हणाला.

मंदाकिनीबाईंचे डोळे कधीचेच गेले होते. दिसायचं ते चष्म्यातल्या कार्डाच्या जिवावर, आणि ऐन टंचाईत तेच जळालं, त्यालाही आता काही वर्षं झाली होती.

"निदान टेस्ट तरी करू दे रे. पुढे घेताना कळेल."

टेस्टिंगला नाही म्हणायचं नाही, ही गल्लीची रीत. दुकानदारानं कार्ड दुकानातल्या चष्म्यात घालून तो त्यांच्या हातात दिला.

चष्मा लावल्यावर बाईंनी भिंतीवरच्या टेस्टच्या अक्षरांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्या दाराकडे वळल्या. "उगाच पायपीट," असं सकाळपासून कुरकुरणारे त्यांचे यजमान दिगंबरराव तिथे उजेडात उभे होते. गालावरचा तीळ जागच्या जागी होता. मिशी मात्र पार पिकली होती. बाई डोळे भरून बघत राहिल्या.

"काकू, द्या आता."

पुन्हा अंधार झाला. दिगंबररावांनी त्यांचा हात धरून पायरी उतरवली.

"पलीकडे अजून एक दुकान आहे. विचारून बघू," ते म्हणाले.

मग ते क्षणभर थांबले. केसांतून कंगवा फिरल्याचा आवाज बाईंना स्पष्ट ऐकू आला.