प्रश्नचिन्हांचा निरोप

कागदावर नुसती प्रश्नचिन्हं होती. खाली इंग्रजीत लिहिलेलं ‘गोपाल’ तेवढं शाबूत होतं. आईच्या लुगड्याच्या घडीत जपून ठेवलेला तो कागद घेऊन गोपाल वॉर्डाच्या दारात उभा होता. त्याची आई, रुख्माबाई, पहाटेच वारली होती.

संसर्गाच्या भीतीनं त्या वॉर्डात नातेवाइकांना सोडत नसत. त्यांनी मोबाइलवर निरोप लिहायचा, तो आतल्या प्रिंटरवर छापून निघायचा आणि नर्सनं पेशंटला वाचून दाखवायचा. जाम गावाजवळ भाजीपाला पिकवण्यात जन्म गेलेल्या रुख्माबाईला अक्षरओळख नव्हती. आणि निरोपांचं ते वेबपेज वर्धेच्या एका छोट्या कंपनीत बसून गोपालनंच बनवलं होतं. तपासताना त्यानं इंग्रजीत दोन शब्द टाकले. छान उमटले. तेवढ्यावर तो उठला होता.

आता त्यानं जिन्यातच लॅपटॉप उघडला. वेबपेज चालवणाऱ्या पीएचपीच्या सेटिंगमध्ये प्रिंटरकडे जाणारा मजकूर जुन्या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरांच्या जुन्या संकेतलिपीत, बदलला जात होता. त्या एन्कोडिंगला मराठी ठाऊकच नव्हती. न कळणाऱ्या प्रत्येक अक्षराच्या जागी ती प्रश्नचिन्ह ठेवून देई. गोपालनं त्या जागी मराठी जाणणारं यूटीएफ-८ लिहिलं. आत प्रिंटर घरघरला. कुणाच्या तरी नातीचा निरोप अख्खा मराठीत बाहेर आला.

काल त्यानं लिहिलं होतं, ‘आई, मले वर येऊ देत नाई. मी खालीच बसलो आहो. दाराकडे पाहत जागू नको. झोपजो.’

“दादा,” नर्स जागृती बाहेर आली. तिचे डोळे सुजले होते. “मावशी कागद धरून माह्या तोंडाकडे पाहून राह्यल्या होत्या. काय वाचू, मले समजे ना. मंग मीच मनानं वाचलं, ‘आई, मी येऊन राह्यलो.’”

गोपालनं कागदावरच्या प्रश्नचिन्हांवरून बोट फिरवलं.

“लय खूश झाल्या. पण मंग झोपल्याच नाई. झोपेचं इंजेक्शन देतो म्हटलं, तर नको म्हणे. ‘पोरगं येईन अन् मी झोपलेली दिसन, तर तसंच वापस जाईन.’” तिनं कागदाकडे बोट दाखवलं. “खरं सांगा दादा, काय लिहिलं होतं तुम्ही?”

गोपालनं कागदाची घडी घातली. मग ती हळूच खिशात ठेवली.

“तेच लिहिलं होतं, ताई,” तो म्हणाला.