फरशीच्या अलीकडे

"इंजिन तुना बूडखाल शे, भाईदास," झुलाल म्हणाला, "मनमा उनं का गाडी वळनी समज."

भाईदासनं स्टिअरिंग जरासं फिरवून पाहिलं. चोपड्याहून निघाल्यापासून झुलालच्या तोंडाचा पट्टा चालूच होता. जुन्या गाड्यांचा धंदा करणारा माणूस तो, गप्प बसला तर त्याचं पोट कसं भरणार? धुळ्याहून तो ही पांढरी मारुती व्हॅन घेऊन आला होता आणि संध्याकाळी बदल्यात गावात उभी असलेली भाईदासची जीप घेऊन परत जाणार होता.

खोटं मात्र तो बोलत नव्हता. जीप वळवायची म्हणजे दोन्ही खांद्यांनी ओढावी लागे. फोर व्हील टाकलं की तिची चारही चाकं जमीन धरून चालत, पण रस्त्यातला प्रत्येक खड्डा थेट हातात येई. ही गाडी बोटांवर वळत होती. पुढे नाक नाही, रस्ता सरळ गुडघ्याशी येत होता, आणि वजन सगळं मधोमध, सीटखाली, गरम. केळीच्या बागांमधली वळणं ती इतकी सहज घेत होती की कितीतरी महिन्यांनी भाईदासला गाडी चालवण्यात मजा आली. लगेच त्याची त्याला लाजही वाटली.

कारण मागे पुष्पावहिनी बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी सीटवर बाजारातून आणलेली लाल मातीची कोरी घागर होती. परवा आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. पितरांच्या नावानं घागरी भरायच्या, आणि त्यात यंदा पहिल्यांदा वनाची. वना म्हणजे वहिनींचा नवरा, भाईदासचा मोठा भाऊ.

मागच्या भादव्यात तो गावाअलीकडच्या नाल्यात गेला. तेव्हा तिथं नुसती वाळू होती आणि पावसाळ्यात पाणी. जीपला फोर व्हील टाकायचं तर आधी खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांवरचे हब हातानं फिरवावे लागत. ते काम कायम वनाचं. त्या दिवशीही काठाशी जीप थांबली, वना उतरला. त्यानं डावीकडचं हब फिरवलं, उजवीकडे यायला निघाला, आणि सातपुड्यातून लोंढा आला. पाणी सीटपर्यंत चढलं, पण जीप जागची हलली नाही. स्टिअरिंग धरून बसलेला भाईदास वाचला. वना खाली तापीकडे सापडला.

नंतर सरकारला जाग आली आणि नाल्यावर सिमेंटची फरशी, म्हणजे ठेंगणा पूल, झाली. आता फोर व्हीलचं कामच उरलं नव्हतं. तरीही जीप त्या जागी आली की भाईदासचा पाय ब्रेकवर जायचा. गाडी उभी करून तो थांबायचा, वना बसेपर्यंत. वना काही बसायचा नाही, आणि भाईदासला पुढे जाता यायचं नाही. मागे बैलगाड्या खोळंबायच्या, लोक शिव्या घालायचे. एकदा तर खाली उतरून उजवीकडचं हब त्यानं स्वतः फिरवलं, तरी मन ऐकेना. घरी त्यानं सांगितलं, जीप डिझेल फार पिते. असंच चालत राहिलं तर आपलं डोकं फिरेल, ही भीती त्यानं कुणालाच सांगितली नाही.

जीप जाणार हे वहिनींना ठाऊक होतं. मघाशी गाडीत बसताना त्यांनी एवढंच विचारलं, "हाई गाडीमा मांगे जागा शे ना?"

"अक्का, बठ्ठं घर बठी जाई," झुलाल खुशीत म्हणाला होता. "मांगे कितला बी बठोत, चालवनाराले समजत नही. वजन मधमा शे ना."

बाभळीचं वळण गेलं आणि नाला दिसला. ही फरशी न थांबता ओलांडली की सुटलो, एवढंच भाईदासनं मनाशी धरलं होतं. फरशी जवळ आली. पाय ब्रेककडे गेला नाही. डावा हात सवयीनं फोर व्हीलचा दांडा शोधत खाली गेला, तिथं काहीच नव्हतं. तेही त्याला बरं वाटलं. या गाडीत वना नव्हता.

"भाऊ, थांबा जराखं," मागून वहिनी म्हणाल्या.

गाडी फरशीच्या अलीकडे उभी राहिली, बरोबर तिथंच.

"काय राही गयं, अक्का?" झुलालनं मागे वळून विचारलं.

वहिनींनी शेजारची घागर उचलून मांडीवर घेतली, पदर आवरला, आणि सरकून सीटवर जागा केली. मग दार सरकवून उघडलं. बाहेर नाला कोरडा पडला होता, वाळूवर चिटपाखरू नव्हतं. सीटखाली इंजिन धडधडत होतं. एका माणसाला दोन्ही हब फिरवून यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ त्या दाराकडे बघत राहिल्या. भाईदासनं आरशात पाहिलं. वहिनी रडत नव्हत्या. बाजारात सामान घ्यायला गेलेल्या नवऱ्याची बायको बघते, तशा त्या वाट बघत होत्या.

वहिनींनी दार ओढून लावलं.

"बठनात तुमना भाऊ," त्या म्हणाल्या. "चाला आते."

भाईदासनं गियर टाकला. फरशीवरून जाताना गाडी मागून जड लागत होती.